परी, पंखा आणि पारखी : एका ग्राफिक्स कार्डाच्या स्वागताचा इतिहास

एखादी वस्तू दुकानात पोहोचण्याआधीच तिची थट्टा घरोघरी पोहोचावी, असे उद्योगाच्या इतिहासात क्वचितच घडते. २००३ च्या जानेवारी महिन्यात ते घडले. एनव्हिडिया या कंपनीचे जिफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड परीक्षणासाठी निवडक लोकांच्या हाती पडले. त्यांनी ते संगणकात बसवले, खेळ सुरू केला आणि कार्डावरचा पंखा असा काही गर्जू लागला की पुढचे परीक्षण डोळ्यांआधी कानांनीच लिहून टाकले. हातात धरून कोपऱ्यातली धूळ ओढणाऱ्या 'डस्टबस्टर' नावाच्या यंत्रावरून या कार्डाचे बारसे झाले. आज वीस वर्षे उलटून गेल्यावर कार्डाचा मूळ क्रमांक अनेकांच्या लक्षात नाही. टोपणनाव मात्र टिकून आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. संगणकशास्त्राशी आमचा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. मग हा विषय आम्हाला का सुचावा? कारण साहित्यव्यवहारात ज्याला आपण 'आस्वाद' आणि 'समीक्षा' म्हणतो, त्या दोहोंचे नाते या खेळगड्यांच्या प्रतिक्रियांत फार उघडेवाघडे दिसते. शिवाय २००३ साली आम्ही एम.ए. करत होतो, वसतिगृहात राहत होतो आणि त्या कार्डाच्या घराण्यातले एक धाकटे भावंड आमच्या खोलीत येऊन पोहोचले होते. त्याची हकिकत पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरगुती संगणकावर त्रिमिती खेळांसाठी वेगळे कार्ड घ्यावे, ही कल्पना सर्वसामान्यांच्या मनात रुजवली ती थ्रीडीएफएक्स या कंपनीने. तिचे 'वूडू' हे कार्ड १९९६ सालचे. ते नेहमीचे चित्र दाखवतच नसे. त्यासाठी दुसरे साधे कार्ड लागे, आणि दोन्ही एका बाहेरच्या केबलने जोडावी लागत. खेळ सुरू झाला की वूडू जागे व्हायचे. १९९७ च्या सुरुवातीला 'क्वेक' या खेळाची जी आवृत्ती अशा कार्डांसाठी आली, ती ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांच्या बोलण्यात आजही एक प्रकारचा साक्षात्काराचा सूर असतो. पुढच्याच वर्षी वूडू २ आले. अशी दोन कार्डे एकाच संगणकात लावून चित्राच्या ओळी दोघांत वाटून देण्याची सोय त्यात होती. दुप्पट पैसे मोजण्याची ही पहिली राजमान्य वाट! येथूनच एक संप्रदाय उभा राहिला, आणि संप्रदाय म्हटला की निष्ठा आली, निंदा आली, पाखंडही आले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले. त्यानंतरही कित्येक वर्षे तिच्या कार्डांसाठी चाहते स्वतःच ड्रायव्हर तयार करत राहिले. कुलदैवताचे देऊळ पडले तरी दिवा लावणारे उरतात, तसेच काहीसे.

एनव्हिडिया हे नावही मोठे बोलके आहे. १९९३ साली जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी ही कंपनी काढली. नावामागे मत्सर या अर्थाचा 'इन्व्हिडिया' हा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडे संस्कृत कोशकारांनी असूयेचा अर्थ 'गुणांवरही दोषांचा आरोप करणे' असा लावला आहे. २००३ सालच्या प्रकरणात याच्या नेमके उलट घडले. दोष समोर होते, आणि त्यांच्यावर गुणांचा आरोप करण्याचा उद्योग खुद्द कंपनीकडून चालला होता.

ते प्रकरण असे. १९९९ सालच्या जिफोर्स २५६ पासून एनव्हिडियाचा अश्वमेध अडवणारा कोणी उरला नव्हता. कॅनडातल्या एटीआय कंपनीला लोक दुसऱ्या क्रमांकाची, बऱ्यापैकी चित्र आणि बेभरवशाचे ड्रायव्हर देणारी कंपनी समजत. तिने २००० साली आर्टएक्स नावाची एक लहान कंपनी विकत घेतली होती. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या खेळयंत्राची ग्राफिक्स चिप घडवणारी मंडळी तीच. त्यांच्या हातून ऑगस्ट २००२ मध्ये रेडिऑन ९७०० प्रो बाहेर पडले. किंमत ३९९ डॉलर. त्याच्या आगमनाची प्रतिक्रिया आम्हाला अभ्यसनीय वाटते, कारण तीत जल्लोषाआधी अविश्वास होता. चित्रातल्या तिरप्या रेषांच्या पायऱ्या गुळगुळीत करण्याचे काम तोवर फार महाग पडे, म्हणजे ते सुरू केले की वेग ढासळे. नव्या कार्डावर ते सुरू ठेवूनही खेळ सुरळीत चालू लागला. चाचणीत चूक तर झाली नाही ना, म्हणून लोकांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिले. आकडे खरे होते.

उत्तर देणे एनव्हिडियाला भाग होते. १८ नोव्हेंबर २००२ रोजी लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात जिफोर्स एफएक्सची घोषणा झाली. आता संगणकावर चित्रपटाच्या तोडीची दृश्ये दिसतील, असा तिचा सूर होता. 'डॉन' नावाची एक परी प्रात्यक्षिकासाठी घडवण्यात आली होती. तिच्या त्वचेवरचा प्रकाश, पापण्यांची उघडझाप, पारदर्शक पंख हे सारे खरोखरच विलोभनीय होते, आणि हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. अडचण एवढीच की परी नोव्हेंबरात आली आणि कार्ड मात्र वसंत ऋतू उजाडेतो दुकानांत आले नाही, आले तेही हातावर मोजण्याइतके.

विलंबाचे कारण तांत्रिक होते, पण त्यात स्वभावदोषही मिसळलेला होता असे आमचे मत. एटीआयने जुन्या, रुळलेल्या १५० नॅनोमीटर पद्धतीने चिप बनवली. एनव्हिडियाने तैवानच्या टीएसएमसी कारखान्यातल्या नव्या १३० नॅनोमीटर पद्धतीवर भिस्त ठेवली आणि ती पद्धत वेळेवर स्थिरावली नाही. स्मृतीकडे जाणारा रस्ता एटीआयने २५६ बिटांचा रुंद केला. एनव्हिडियाने तो १२८ बिटांचाच ठेवून त्यावरून गाड्या अधिक वेगाने पळवायचे ठरवले. हिशेब सोपा आहे. रुंद रस्त्यावरून सेकंदाला सुमारे १९.८ अब्ज बाइट जात, अरुंद रस्त्यावरून जोर लावूनही १६ अब्ज. मागे पडलेले अंतर भरून काढायला चिप ५०० मेगाहर्ट्झवर चालवावी लागली. चिप तापली, तिला थंड करायला दोन खाचा व्यापणारी धातूची पेटी आणि भन्नाट फिरणारा पंखा आला. म्हणजे ज्या आवाजाची जगभर टवाळी झाली तो पंख्याचा दोष नव्हताच. वर्षभरापूर्वी आरेखनाच्या टेबलावर घेतलेल्या निर्णयांचा तो आवाज होता. हसणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक होते. आमच्या लेखी त्या हसण्याची किंमत याच जाणिवेमुळे वाढते.

कंपनीने मग एक चतुर गोष्ट केली. स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना घेऊन तिने स्वतःची खिल्ली उडवणारी चित्रफीत काढली. तीत अंगणातली वाळकी पाने उडवण्यासाठी हे कार्ड वापरलेले दाखवले आहे. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो, पण इथे राजानेच सोंगाड्याचे काम स्वतःकडे घेतले. या खिलाडूपणाचे तेव्हा कौतुक झाले. आम्हाला मात्र त्यात थोडी धूर्तता दिसते. आवाजावर हसून घेतले की आवाजापलीकडचे प्रश्न विचारायला उसंत उरत नाही.

पण प्रश्न विचारले गेले. येथून पुढचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो.

कार्डाची क्षमता मोजण्यासाठी फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीची 'थ्रीडीमार्क' ही चाचणी प्रमाण मानली जाई. २००३ ची तिची आवृत्ती फेब्रुवारीत आली. तीत ठरलेली दृश्ये ठरलेल्या मार्गाने पडद्यावरून सरकतात आणि शेवटी गुण मिळतात. मे महिन्यात काही परीक्षकांनी, ज्यांच्याकडे चाचणीची विकसकांसाठी असलेली आवृत्ती होती, कॅमेरा त्या ठरलेल्या मार्गावरून बाजूला वळवला. आणि काय दिसले? आकाश फाटलेले होते. कॅमेरा जिकडे जाणारच नाही हे आधीपासून ठाऊक, तिकडचे दृश्य एनव्हिडियाचा ड्रायव्हर रंगवतच नव्हता. नाटकाच्या नेपथ्यात वाड्याला पुढचीच भिंत असते. प्रेक्षक उठून विंगेत गेला तर त्याला बांबू आणि गोणपाट दिसणार. पण येथे नेपथ्याचीच परीक्षा चालली होती.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. न दिसणारे न रंगवणे ही या शास्त्रातली लबाडी नव्हे. ते तर त्यातले मुख्य कसब आहे. भिंतीआडचा माणूस रंगवण्यात वेळ घालवणारे कार्ड मूर्खच म्हणायचे. मात्र काय दिसणार नाही हे कार्डाने त्या क्षणी स्वतः शोधून काढले पाहिजे. येथे ते आधीच सांगून ठेवलेले होते. हुशार विद्यार्थी अभ्यासक्रमातला बिनमहत्त्वाचा भाग ओळखून गाळतो आणि दुसरा एक विद्यार्थी फुटलेली प्रश्नपत्रिका पाहून गाळतो. दोघांच्या उत्तरपत्रिका सारख्या दिसतील, म्हणून दोघांना सारखे गुण द्यायचे काय? आमच्या व्यवसायात हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडतो.

फ्यूचरमार्कने २३ मे २००३ रोजी आपला तपासणी अहवाल काढला. तो ड्रायव्हर निष्प्रभ करणारी सुधारणा लावल्यावर नव्या एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांपर्यंत घसरले. एटीआयचेही १.९ टक्के घसरले, म्हणजे तेही अगदी सोवळ्यातले नव्हते. पण दहा दिवसांतच फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांचे संयुक्त निवेदन आले. जे घडले ती फसवणूक नसून विशिष्ट प्रणालीसाठी केलेली सुधारणा होती, असा शब्दबदल तीत होता. शब्दांची नाडी ओळखणे हा आमचा पेशा आहे. असा मजकूर प्रथम मनात लिहिला जातो की वकिलाच्या कचेरीत, हे आम्हाला वाचताच कळते. तेव्हाच्या गेमरांनाही ते कळले. त्यांच्यापैकी पुष्कळांनी आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, एटीआयचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हे नाव पाहून चित्राचा दर्जा गुपचूप खाली आणत होता. ते उघडकीस आणणाऱ्यांनी खेळाच्या फाइलीतले 'क्वेक' हे नाव बदलून 'क्वॅक' केले आणि वेग घसरला, चित्र सुधारले. एका अक्षराने केलेला हा शोध आमच्या पाठचिकित्सकांना अभिमान वाटावा असा आहे.

आता निष्ठेचे काय झाले? एनव्हिडियाचे कट्टर पाठीराखे या साऱ्या काळात गप्प बसले नाहीत. डायरेक्टएक्स ९ या प्रमाणकात किमान २४ बिटांची अचूकता अपेक्षित होती. एटीआयने नेमकी तेवढीच दिली. एनव्हिडियाने १६ आणि ३२ अशा दोन दिल्या, त्यांतली ३२ ची संथ आणि १६ ची अपुरी. पाठीराखे म्हणत की ३२ हा आकडा २४ पेक्षा मोठा आहे. त्यात खोटे काहीच नव्हते. केवळ मोठ्या आकड्याला चिकटून राहणारी निष्ठा पाहून हसू येते हे खरे, पण आपल्या आवडत्या कवीचा फसलेला संग्रह हाती आला की आपणही 'प्रयोगशील' हा शब्द शोधतोच की.

सप्टेंबर २००३ मध्ये एटीआयने भरवलेल्या कार्यक्रमात व्हॉल्व्ह या खेळनिर्मात्या कंपनीचे गेब न्यूएल यांनी 'हाफ-लाइफ २' चे आकडे मांडले. पूर्ण डायरेक्टएक्स ९ वाटेने चालवल्यास एफएक्स ५९०० अल्ट्राचा वेग रेडिऑन ९८०० प्रोच्या जवळजवळ निम्मा भरत होता, आणि एफएक्ससाठी वेगळी वाट बांधायला आपल्याला पाचपट श्रम पडले, असे त्यांनी सांगितले. विजेत्यांच्या बाजूला उत्साहाची लाट आली. महिनाअखेर ४९९ डॉलरचे रेडिऑन ९८०० एक्सटी बाजारात आले, त्याच्या खोक्यात 'हाफ-लाइफ २' चे कूपन होते. खेळ ३० सप्टेंबरला येणार होता. तो आला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कळले की त्याचा मूळ संकेतच चोरीला गेला आहे. खेळ अखेर १६ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाला. तोवर एनव्हिडियाचे ६८०० अल्ट्रा आणि एटीआयचे एक्स८०० येऊन जुने होऊ लागले होते. कूपन सांभाळून बसलेल्या ग्राहकाने ज्या खेळासाठी कार्ड घेतले, तो खेळ कार्डाची सद्दी संपल्यावर त्याच्या हाती आला. एनव्हिडियावर हसलेल्यांना नियतीने दिलेला हा टोला फारसा कोणी नोंदवत नाही.

आता आमच्या खोलीतली गोष्ट. आमचा एक सोबती भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. पुण्यात तेव्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने 'काउंटर-स्ट्राइक' खेळत आणि संगणकविषयक मासिकाबरोबर आलेली सीडी खोल्याखोल्यांतून फिरे. त्याने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, जाऊन एक ग्राफिक्स कार्ड आणले. जिफोर्स एफएक्स ५२००. खोक्यावर ठळक 'एफएक्स' आणि डायरेक्टएक्स ९ चा उल्लेख. दुकानदाराने सांगितले की हे त्याच अमेरिकेतल्या मोठ्या कार्डाचे धाकटे भावंड, सगळे तेच, फक्त स्वस्त. दुकानाचे नाव सांगण्यात हशील नाही, तेव्हा सगळीकडे हेच सांगितले जाई. आडनाव तेच होते हे खरे. डायरेक्टएक्स ९ त्यात होतेही, पण ते पेलण्याची ताकद नव्हती. पुढे 'हाफ-लाइफ २' मिळाला तेव्हा त्या खेळाने कार्ड ओळखले आणि मुकाट्याने जुनी, डायरेक्टएक्स ८ ची वाट धरली. पाण्यावरची ती नावाजलेली झळाळी आम्हाला शेजारच्या खोलीतल्या रेडिऑनवर पाहावी लागली.

महागडे कार्ड हजारात एकजण विकत घेतो, पण त्याच्या वलयाच्या उजेडात उरलेले नऊशे नव्व्याण्णव जण स्वस्त कार्डे घेतात. म्हणून सर्वांत वरच्या कार्डाचे परीक्षण कठोर होणे हे तळच्या ग्राहकाच्या हिताचे असते. परदेशातल्या चारशे डॉलरच्या कार्डावर कोणी खवचट हसला, तर त्यात पुण्यातल्या वसतिगृहाचाही वाटा होता. दुर्दैव हे की ते हसू आमच्यापर्यंत कार्ड घेतल्यानंतर पोहोचले.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल, कारण त्यात सोंगे बदलली, खेळ तोच राहिला. २०१० च्या मार्चमध्ये आलेले जीटीएक्स ४८० इतके तापे की लोकांनी त्यावर अंडे तळण्याचे विनोद केले. जीटीएक्स ९७० सप्टेंबर २०१४ मध्ये आले आणि सर्वांना आवडले. चार महिन्यांनी वापरणाऱ्यांच्याच मोजमापातून उघड झाले की त्याच्या ४ जीबी स्मृतीपैकी शेवटची अर्धी जीबी फार संथ आहे. मग कंपनीने कबूल केले की ६४ ऐवजी ५६ आरओपी, म्हणजे तयार ठिपके चित्रात उतरवणारे घटक, आणि २ ऐवजी १.७५ एमबी द्वितीय स्तराची कॅश आहे. अमेरिकेतल्या खटल्यात तडजोड होऊन ग्राहकामागे ३० डॉलर देण्याचे ठरले. सप्टेंबर २०१८ मधील आरटीएक्स २०८० टीआय किरण-अनुरेखनाचे आश्वासन घेऊन आले, पण आले त्या दिवशी ते वापरणारा एकही खेळ बाजारात नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरचे आरटीएक्स ३०८० विक्रीला येताच यांत्रिक खरेदीदारांनी उचलले, आणि एनव्हिडियाला माफी मागावी लागली. २०२२ च्या ऑक्टोबरात तर घोषित केलेले १२ जीबीचे ४०८० ग्राहकांच्या संतापापुढे मागे घेण्यात आले, तेही जन्मापूर्वीच.

जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आले, किंमत १९९९ डॉलर, विजेची भूक ५७५ वॅट. त्याच्या घोषणेच्या वेळी ह्वांग यांनी म्हटले की ५४९ डॉलरचे ५०७० जुन्या ४०९० ची कामगिरी देईल. ही बरोबरी मुख्यतः दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये यंत्रबुद्धीने घडवलेल्या फ्रेमा भरून साधायची होती. 'खोट्या फ्रेमा' हा शब्दप्रयोग गेमरांनी लगेच उचलला. २००३ चे फाटलेले आकाश पाहिलेल्यांना तो नवा वाटला नसावा, जरी या वेळी लपवाछपवी नव्हती, जाहिरातच तिची होती. आणि फेब्रुवारीत पुन्हा तेच! काही ५०९० कार्डांत १७६ ऐवजी १६८ आरओपी असल्याचे एका ग्राहकाच्या मोजणीतून पुढे आले. अशी कार्डे अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत, असे कंपनीने सांगितले आणि बदलून देण्याची तयारी दाखवली.

मधल्या काळात एक पारडे मात्र कायमचे झुकले. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला खेळांच्या व्यवसायातून १२.४६ अब्ज डॉलर मिळाले होते, डेटा सेंटरमधून १०.६१ अब्ज. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, डेटा सेंटरचा आकडा ११५ अब्जांवर गेला आणि खेळांचा ११.३५ वरच राहिला. २००३ साली गेमर हसला की कंपनीला स्वतःवर हसणारी चित्रफीत काढावी लागे, कारण तिचे पोट त्याच्यावर होते. आता तो हसला तर ऐकणाऱ्याला ऐकण्याची निकड किती, हे या आकड्यांवरून वाचकांनीच पाहावे.

आमचा भौतिकशास्त्रवाला सोबती आज नाशिकला असतो. हा लेख लिहिण्यापूर्वी त्याला फोन केला. ते ५२०० त्याने फेकलेले नाही, माळ्यावर जुन्या कॅबिनेटमध्ये आहे. अस्सल ५८०० अल्ट्रासाठी आता संग्राहक चांगले पैसे मोजतात, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो खूप हसला. आवाजाचा विषय निघाला. त्याच्या कार्डाला तो त्रास कधीच नव्हता, असे तो म्हणाला. आम्हालाही मग आठवले, त्यावर नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा होता. पंखा नव्हताच.